पाणी जोखताना

काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी.
औषधाचा पहिला थेंब पडला की लाल होतं
आणि मग लालच राहतं, हटून बसतं.
बारा. तेरा.
वाल्बुर्गाबाई चष्मा कपाळावर सारून
माझ्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजतात.
एकविसाव्या थेंबाला हिरवं.
"म्हणजे नापास?"
"नाही, म्हणजे एकवीस अंश.
या टेकडीवर सगळ्यांचं असंच."

एकोणीस वर्षं मी लोकांच्या तळघरांत उतरतो आहे,
माइन नदीच्या या काठावर.
वर, दिवाणखान्यात, माणसं नीटनेटकी असतात.
खाली बटाटे, बिनहवेच्या सायकली,
न उघडलेल्या खोक्यावर पहिल्या नवऱ्याचं नाव.
आणि त्याच्याही खाली शिंपल्यांचा चुनखडक.
इथे समुद्र होता म्हणे; तो गेला, कवचं राहिली.
पाऊस त्यांच्यातून झिरपतो, येताना थोडं थोडं उचलून आणतो.
द्राक्षांना ते मानवतं. हीटरला मानवत नाही.
बाईंच्या हीटरची कॉइल मी उपसून काढली तेव्हा
मोडलेल्या हाताचं प्लास्टर असावं, तशी होती,
पांढरी, जाड.
किटलीत त्या दर शनिवारी व्हिनेगर ओततात
आणि फसफस थांबेपर्यंत शेजारी उभ्या राहतात.
केस मात्र पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं.
त्यांची आईही तसंच करायची.

शेवटी मुलीनं हॅनोवरहून पैसे पाठवले.
मी यंत्र बसवलं:
पोटात राळेचे पिवळे मणी,
शेजारी मिठाची पंचवीस किलोची दोन पोती.
मणी चुना धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात,
रात्री दोनला मिठाच्या पाण्यात न्हाऊन पुन्हा कोरे होतात.
"म्हणजे फुकट काहीच नाही," बाई म्हणाल्या,
आणि पोत्यावरची किंमत पुन्हा एकदा वाचली.

चौथ्या दिवशी फोन.
"साबण निघतच नाही रे."
गेलो. त्या बेसिनपाशी हात चोळत होत्या,
सुळसुळीत, नुकत्या धरलेल्या माशासारखे हात,
सातव्यांदा धुतलेले.
मी जे सांगितलं ते बहुतेक सांगायला नको होतं:
साबण केव्हाच गेला, वाल्बुर्गाबाई.
हे तुमचं कातडं आहे.
इतकी वर्षं जे बोटांना करकरीत लागायचं,
ज्याला तुम्ही स्वच्छ म्हणत होतात,
तो चुन्याचा आणि साबणाचा गाळ होता.

नळ चालूच होता.
त्या हातांकडे बघत राहिल्या,
एक्याऐंशीव्या वर्षी कुणी येऊन सांगावं
की तुमचं नाव तुम्ही चुकीचं लिहीत आलात.
मग नळ बंद केला. टॉवेल घडी करून ठेवला.
"स्वयंपाकघरातला एक नळ जुन्या पाण्यावर ठेव."
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
जिरेनियमच्या कुंड्या आहेत, त्यांना मीठ चालत नाही,
कागदावर मी तेच कारण लिहिलं.

यंत्राला एक स्क्रू असतो,
गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं मिसळायचा.
अगदी शून्यावर कुणी ठेवत नाही.
पाण्याकडे इतकंच मागायचं: दगडापेक्षा वीट मऊ.
"मी सगळ्यांना आठवर लावतो."
"मला अकरा कर."
"अकरानं हीटरला पुन्हा..."
"अकरा."
पुन्हा नळी, पुन्हा लाल.
या वेळी त्या मोठ्यानं मोजत होत्या,
दहाला थांबून माझ्याकडे बघितलं,
मी बाटली दाबली, आणि हिरवं.

जाताना त्यांनी भावाच्या मळ्यातली सिल्व्हानर दिली, लेबल नसलेली.
ती अजून माझ्या गाडीत आहे, मिठाच्या पोत्यांमागे.
घरी यंत्र नाही. कधी वेळच झाला नाही.
आमच्या किटलीच्या तळाशी करंगळीएवढा थर आहे;
गुड्रुन म्हणते काढ,
मी म्हणतो शनिवारी,
आणि ओततो, तेव्हा एखादा कपचा कपात येतोच,
तळाशी बसतो,
मी शेवटचा घोट सोडून देतो.